न विचारता बसवलेली तांबी

पहिली थापड मांडीवर बसली. दुसरी गालावर.

मी टेबलावर उताणी पडले होते. साडी कमरेच्या वर गुंडाळलेली, पाय दोन्हीकडच्या लोखंडी कड्यांत अडकवलेले. खोलीचं दार सताड उघडं. बाहेरून एक माणूस बादली घेऊन गेला, परत आला, परत गेला. मी गुडघे जवळ ओढले. तेवढाच माझा गुन्हा होता.

"पाय फाकव!" सिस्टर ओरडली. "नवऱ्याजवळ जातानी लाज नाही आली, अन् आता लाजून राह्यली!"

तेवढ्यात कळ आली. मी ओरडले, "याडीऽऽ!"

याडी म्हणजे आई. आमच्या तांड्यात जन्मलेल्या माणसाच्या तोंडून जीव जाताना दुसरा शब्द निघत नाही.

"मराठीत बोंबल," सिस्टर म्हणाली. "आम्हाले तुही भाषा समजत नाही."

तिच्याजवळ उभी असलेली शिकाऊ पोरगी हसली. डॉक्टर खिडकीपाशी फोनवर होते, कोणाच्या तरी लग्नाच्या हॉलबद्दल बोलत होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, तोंडाकडे नाही, खाली पाहिलं, आणि तेही हसले. "तांड्यावरचीच ना? होते मग पटकन. यांना सवय असते," म्हणाले.

माझं पहिलं बाळंतपण होतं. सवय कशाची?

पोरगी झाली. सिस्टरने तिला पायाला धरून मला दाखवलं. "घे, पोरगी हाय. म्हणजे पुढच्या साली पुन्हा येशीनच." मग वार पडली. आता संपलं म्हणून मी डोळे मिटले. तर तिचा हात पुन्हा आत. कोपरापर्यंत गेला असं वाटलं मला. काहीतरी थंड, टोकदार. मी कमरेतून उचलले गेले.

"काय करून राह्यल्या वो?"

"साफ करून राह्यलो. गप पड."

मी गप पडले. पाय कड्यांत होते. गप नाही पडणार तर काय उठून पळणार होते?

दिग्रसला एसटीने जाऊन मी बारावीपर्यंत शिकले आहे. मराठी मला येते, चांगली येते. घरी आम्ही गोरबोली, बंजाऱ्यांची बोली, बोलतो, पण घरातलं बोलणं इथे मी वऱ्हाडीतच सांगते. नाहीतर तुम्हीही म्हणाल, मराठीत बोंबल.

आणि मी दवाखान्याच्या विरोधात आहे असं कोणी समजू नका. पोरीला मी एकही सुई चुकवली नाही. टोचून आणलं की ती रात्रभर रडायची, सासू म्हणायची, "चांगल्या लेकराले भोकं पाडून आणते." मी पाडून आणलीच. सासूने पहिलं दूध पिळून फेकून द्यायला सांगितलं, पिवळं असतं म्हणून, जड असतं म्हणून. मी भिंतीकडे तोंड केलं आणि पोरीला छातीशी लावलं. बाजेखाली शेगडी ठेवली तेव्हा मात्र मी काही बोलले नाही. शेक बरा वाटतो. कंबर मोडलेली असते, कोणी गरम हात लावला तर कोणाला नको असतो? लेकराच्या डोळ्यांत काजळ नाही घालू दिलं, पायाच्या तळव्याला तेवढं लावू दिलं. अशी माझी मतं आहेत. कोणी विचारली नाहीत. बाईच्या पोटाबद्दल साऱ्या जगाला मत असतं, फक्त पोट जिचं तिला नसावं अशी रीत आहे.

होळी तोंडावर होती. आमच्याकडे वर्षभरात ज्या घरी मुलगा होतो, त्या घरी होळीला धुंड करतात. दारात खुंट रोवतात, गोडाचं पातेलं त्याला दोरखंडाने बांधतात, तांड्यातली माणसं गात-नाचत येतात, लेकराच्या डोक्यावर आडवी काठी धरून तिच्यावर काठ्या वाजवतात आणि आशीर्वाद देतात. माझ्या दारात खुंट रोवला नाही. पोरीची धुंड होत नाही. मी पोरीला घेऊन आत बसले होते आणि दुसऱ्या घरच्या काठ्या ऐकत होते.

पोरगी रांगली, चालली, बोलायला लागली. दुसरं काही पोटात राहिलं नाही.

आधी सासू गोड बोलली. मग कडू. "एका पोरीवरच आटली माय ही." नवरा आधी नुसता तोंड फिरवायचा. मग दारू पिऊन आला की लाथ घालायचा, नेमकी पोटात. "रिकामं भांडं," म्हणायचा, "वाजवून पाह्यतो." हसायचा वरून. मला दर महिन्याला एवढं जायचं की कपड्यावर कपडा पुरत नसे. कंबरेत सुरी फिरवल्यासारखं दुखायचं. कापूस वेचताना मी ओळीतच खाली बसायची. ज्यांच्या वावरात मी जायची त्या मालकीणबाई म्हणायच्या, "तुमच्यात तं बदाबदा होतात बापा. तुलेच काय झालं?"

सासूने मला दुसऱ्या तांड्यावरच्या भगताकडे नेलं. दिवसाढवळ्या, अंगणात, लोकांसमोर. भगताने माझा हात धरला, डोळे मिटले आणि सांगितलं, "हिच्या पोटात कोणी तरी बसलं हाय. लेकराची जागा अडवून."

आज मी म्हणते, साऱ्या गोंधळात भगत एवढंच खरं बोलला.

त्याने विळा निखाऱ्यात घातला. दोन बायकांनी माझे हात दाबले, सासू पायांवर बसली. विळा बेंबीखाली टेकला तेव्हा आवाज आला. भाकरी तव्यावर टाकल्यावर येतो तसा. वास आला, तो माझाच होता. मी ओरडले, "याडी!" इथे कोणी हसलं नाही, इथे सगळ्यांना माझी भाषा समजत होती. आणि तरी विळा पुन्हा टेकला. भाषा समजली म्हणून माणूस आपला होत नाही, हे मला त्या अंगणात कळलं.

डाग चिघळले. ताप चढला. वावरात मी पडले ती उठेचना. मग कुठे नवरा मला यवतमाळला घेऊन गेला. सोनोग्राफीच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती. तिने डाग पाहिले, ओठ आवळले. पोटावर यंत्र फिरवलं आणि पडद्याकडे बघत सहज म्हणाली:

"तांबी आहे की आत. ती असताना मूल कसं राहील?"

मला आधी समजलंच नाही. "कोणाची?" मी विचारलं.

"तुमचीच. बसवून घेतलेली दिसते. बाळंतपणातच बसवली असेल."

थंड, टोकदार. साफ करून राह्यलो. गप पड.

 वरून लोखंडाने डागलं होतं, आणि आत तांबं बसलेलं होतं, मला न सांगता बसवलेलं. मला रडू नाही आलं. मला उभं राहून काहीतरी फोडावंसं वाटलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी. आता तरी याला कळेल की माझ्यात खोट नव्हती. लाथा कशाच्या मारत होता ते याला कळेल.

त्याने तोंड फिरवलं. एसटीत शेजारी बसून सारा रस्ता खिडकीबाहेर बघत राहिला. आमच्या फाट्यावर उतरलो. एसटी गेली. त्याने पायातली चप्पल काढली.

"चोरून बसवली," तो म्हणाला. "पोरगा नाही पाहिजे होता तुले."

"मले माहीत नव्हतं. त्याहीनं इचारलं नाही मले."

"तुह्या अंगात हाय अन् तुले माहीत नाही? मले येडा समजतं काय?"

चपलेने सुरुवात केली, मग हाताने, मग पायाने. फाट्यावरच्या टपरीवर चार माणसं बसली होती. एकाने चहा खाली ठेवला, पुन्हा उचलला. कानावर बसली ती सगळ्यात मोठी. डाव्या कानात तेव्हापासून शिट्टी वाजते, आत्ता हे सांगतानाही वाजते आहे. मी धुळीत पडून एकच वाक्य म्हणत होते, मले माहीत नव्हतं. जगातलं सगळ्यात खरं वाक्य, आणि ते कोणालाच खरं वाटत नव्हतं.

घरी सासू म्हणाली, "डाग दिले, पैसा-पाणी केलं, अन् ही बया कुलूप लावून बसली होती."

तोंड सुजलेलं असतानाच मी मालकीणबाईंकडे कामाला गेले. त्यांची सून बाळंत होऊन आली होती, बाळुत्यांची धुणी माझ्याकडे होती. सून बाजेवर टेकून बसलेली, लेकरू मांडीवर. स्वभावाने गरीब आहे ती. माझं तोंड पाहून तिनेच विचारलं. मी सांगितलं. सगळं सांगितलं. ती चकित झाली.

"पण असं कसं? मले तं डॉक्टरबाईनं बसून समजावलं. चित्र दाखवलं. म्हणे तांबी बसवाची, का गोळ्या घ्याच्या, का काहीच नाही करायचं, तू सांग. मी म्हटलं आईले इचारून सांगते."

माझे हात बादलीतच राहिले.

विचारतात.

म्हणजे विचारतात तर! मला वाटत होतं, दवाखान्याची रीतच अशी असते, टेबलावर चढली की बाई मांस होते. तसं नव्हतं. विचारायची रीत आहे. चित्र आहे. "तू सांग" हे शब्द आहेत. ते सगळं आहे, फक्त माझ्यासाठी नव्हतं. तांड्यावरचीच ना, होते पटकन. त्या बादलीतून हात काढून मी जी उभी राहिले, ती आता वाकलेली बाई नव्हती. एवढा संताप मला विळा टेकला तेव्हाही आला नव्हता.

होळी आली. माझ्या दिराला मुलगा झाला होता, त्यामुळे धुंड आमच्याच अंगणात. खुंट रोवला. पातेलं बांधलं. जाऊबाई नवी ओढणी घेऊन लेकराला मांडीवर घेऊन बसली. धुंडीचा एक खेळ असतो. माणसं पातेलं पळवायला येतात आणि बायका काठ्या घेऊन पहारा देतात. जो जवळ येईल त्याला झोडायचं. माणसं पाठीला गोधड्या बांधून येतात. तांड्याचा कायदा आहे, त्या दिवशी बाई मारते, माणूस मार खातो, हात उचलत नाही, आणि कोणी कोणावर रागवत नाही. वर्षभराचा हिशेब बायका हसत हसत चुकवतात.

सासूने मला म्हटलं, "तू आत बस. तुही सावली नको लेकरावर."

मी भिंतीला टेकलेली एक काठी उचलली आणि खुंटापाशी जाऊन उभी राहिले.

लेंगी, आमची होळीची गाणी, सुरू झाली. माणसं गात, डोलत आली. एक आला, त्याला मी कायद्याने मारलं, पाठीवर, गोधडीवर. दुसरा आला, त्यालाही. मग माझा नवरा आला. पिऊन. पाठीला गोधडी नाही, कशाला असेल, मी काय मारणार त्याला? पातेल्याला हात घालून तो साऱ्या तांड्याकडे वळून हसला. "हे मारते काय मले! कुलूपवाली!"

लोक हसले. बायकाही हसल्या.

पहिली काठी पाठीवर बसली. तो अजून हसत होता. दुसरी खांद्यावर. तो वळला. तिसरी त्याने हाताने अडवली आणि हाताचं हाड वाजलं. तुऱ्हाटी मोडावी तसं. त्याचं हसू गेलं. त्याच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा ते पाहिलं जे तो माझ्या डोळ्यांत रोज बघत होता.

"मले," मी म्हणाले आणि मारली.

"माहीत," आणि मारली.

"नव्हतं."

तो खाली पडला. मी थांबले नाही. लेंगी थांबली, डफ थांबला, मी थांबले नाही. त्याच्या तोंडातून निघालं, "याडी!" मी ऐकलं. मला समजत होती ती भाषा. आणखी एक मारली. मग नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या मुखियाच्या, बायकोने मागून मला मिठी घातली आणि माझ्या कानात म्हणाली, "बस झालं बाई, बस. कळलं त्याले. आमालेही कळलं."

नायकाने तोंड उघडलं, आणि मिटलं. होळीच्या मारावर पंचायत बसत नाही. कायदा त्यांचाच होता.

मारून मन शांत झालं का, असं मला बायका विचारतात. नाही झालं. हात दुखला, तेवढंच. कारण तांबी अजून आतच होती.

आठवडाभरात मी बाळंतपण झालं त्याच दवाखान्यात गेले. सासू सोबत आली, माझ्यासाठी नाही, नातवासाठी. कुलूप उघडलं की नातू येईल असा तिचा हिशेब. नवरा हात गळ्यात बांधून बाहेरच्या कट्ट्यावर बसला. सिस्टर तीच. टेबल तेच. कडी तीच. मी चढले, मी झोपले. गुडघे मिटलेले होते. सिस्टरने सवयीने हात उचलला.

मी तिचं मनगट हवेतच धरलं. काठीने तयार झालेला हात होता माझा. सोडवता आलं नाही तिला.

"हात लावाच्या आधी बोला," मी म्हणाले. "मराठीत बोला. मले समजते."

ती लाल झाली. "सोड! काय समजते स्वतःले?"

"ह्याच टेबलावर तुम्ही माह्या पोटात तांबी घातली. मले काहून नाही इचारलं?"

"सगळ्याइलेच बसवतो आम्ही! तुमच्याच भल्यासाठी. तुमच्यासारख्याइले इचारत बसलो तं झालं!"

आवाज ऐकून डॉक्टर आत आले. तेच. त्यांनी समजुतीचा सूर लावला. "सांगितलं असेल तुला तेव्हा. तू विसरली असशील."

"मी याडी-याडी बोंबलत होते तवा सांगितलं काय, साहेब? तवा तं तुमाले माही भाषा समजत नव्हती. मंग मी हो म्हटलं ते कोणत्या भाषेत?"

डॉक्टर घड्याळाकडे पाहायला लागले. दाराशी बाळंतपणाला आलेल्या बायका जमल्या होत्या, पोटं धरून. एकीने ओढणी तोंडात धरली होती. मी सिस्टरचं मनगट सोडलं नव्हतं.

"आज इचारा," मी म्हणाले.

"काय इचारू?"

"काढाची का ठेवाची. मले इचारा."

दारातून सासू ओरडली, "काढाची! काढाची! त्याच्यासाठीच तं आणलं!"

"तुमाले नाही इचारलं," मी मान न वळवता सांगितलं.

 सिस्टरने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी दाराशी जमलेल्या बायकांकडे पाहिलं. मग ती दातांतून बोलली. "काढाची का ठेवाची?"

उत्तर मी घरूनच ठरवून आणलं होतं. तरी मी लगेच दिलं नाही. मी छताकडे बघत पडून राहिले. पंखा फिरत होता. तो प्रश्न मला थोडा वेळ माझ्यापाशी ठेवायचा होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारला होता, भलेही मनगट पिरगाळून विचारायला लावला असेल.

"काढा," मी म्हणाले. "अन् मंग मले गोळ्या द्या. कशा घ्याच्या, घेतल्यावर काय होते, सगळं समजावून सांगा. समजेपर्यंत सांगा."

सासूने कपाळ बडवून घेतलं. "गोळ्याच घ्याच्या होत्या तं ते काढून उपयोग काय?"

"ते माह्या मनानं नव्हतं घातलं. म्हणून."

तांबी निघाली. दुखलं. मी ओरडले, "याडी." कोणी हसलं नाही आणि कोणी मारलं नाही. ट्रेमध्ये पडली तेव्हा बारीकसा आवाज आला. एवढीशी होती. एवढ्याशा वस्तूसाठी माझं पोट डागलं, माझा कान गेला. मी ती नीट पाहून घेतली.

गोळ्यांचं पाकीट हातात धरून मी बाहेर आले. लपवलं नाही. कट्ट्यावरून नवरा उठला. पाकिटाकडे पाहिलं, गळ्यातल्या हाताकडे पाहिलं. बोलली सासूच, स्टँडवर एसटीची वाट बघताना, हळू आवाजात, माझ्या चांगल्या कानाशी.

"होळी रोज रोज नाही येत बाई."

खरं आहे. होळी रोज येत नाही. नवऱ्याचा हात एक दिवस जुळेल, आणि तो उचलल्याशिवाय राहणार नाही. सिस्टरही दुसऱ्या कोणाच्या तरी गुडघ्यांवर आपला हात उचलणारच आहे. मला हे सगळं माहीत आहे. म्हणून सांगून ठेवते. दुसरं लेकरू कधी, की कधीच नाही, ते मी ठरवीन. पोरगी झाली तर खुंट मी रोवीन. आणि माझी पोरगी उद्या कोणत्याही टेबलावर चढेल, तेव्हा तिला विचारल्याशिवाय तिच्या अंगाला हात लागणार नाही, मग तो पांढऱ्या कोटातला असो की घरातला.

होळी झाली की काठ्या चुलीत जातात, तशी आमच्यात रीत आहे. सासू माझीही काठी सरपणात टाकायला निघाली होती. मी तिच्या हातून काढून घेतली. काठी दाराआड उभी आहे.